चॅसी नंबर, आयएमईआय, सिरीयल नंबर : कुठे बघायचे आणि कसे वाचायचे?

मागचं_चाक
मंडळी, एक जुनी मोटारसायकल आणि एक जुना लॅपटॉप घ्यायच्या विचारात आहे. दोन्ही विकणाऱ्यांनी नंबरांचे फोटो पाठवलेत. गाडीचा सतरा अक्षरांचा चॅसी नंबर, इंजिन नंबर वेगळाच, आणि लॅपटॉपच्या पोटावर तर तीन-चार नंबर छापलेले. यातला कामाचा कुठला? तो खरा आहे हे कसं ओळखायचं? त्यावरून वस्तू कधी बनली ते कळतं का? जालावर शोधलं तर जितकी तोंडं तितकी मतं. जाणकारांनी लिहावं. मोबाईल, टीव्ही, फ्रिजबद्दल माहिती असेल तर तीही येऊ द्या, सगळं एका धाग्यात राहील.

उंटावरचा_शहाणा
व्हीआयएन (म्हणजे हाच चॅसी नंबर) डिकोडर म्हणून शोधा, नंबर टाका, गाडीची कुंडली बाहेर येते. हाय काय अन् नाय काय.

पान्हा_तेरा
शहाणे, कुंडली बाहेर येते खरी, पण कुणाची? तुम्ही टाइप केलेल्या नंबराची. समोर उभ्या असलेल्या गाडीचा आणि त्या नंबराचा संबंध आहे की नाही, हे कुठलीही साइट सांगू शकत नाही. ते लोखंडावरच बघावं लागतं. म्हणून आधी गाडीपाशी जा, मग कॉम्प्युटरपाशी.

मोटारसायकलचा चॅसी नंबर बहुतेक वेळा हँडलखालच्या मानेवर, म्हणजे फ्रेमच्या ज्या नळीतून फोर्कचा दांडा जातो तिच्यावर ठोकलेला असतो. हँडल एका बाजूला पूर्ण वळवा, नाहीतर केबलींच्या मागे तो दिसतच नाही. इंजिन नंबर खाली क्रॅंककेसवर. कारमध्ये तीन-चार जागा बघायच्या: समोरच्या काचेतून डॅशबोर्डच्या कोपऱ्यात दिसणारी पट्टी, पुढच्या दाराच्या खांबावरचं स्टिकर, बॉनेट उघडल्यावर इंजिनामागच्या पत्र्यावर, आणि काही मॉडेलांत पुढच्या सीटजवळ गालिच्याला कापून ठेवलेल्या झडपेखाली. ट्रकला सरळ चॅसीच्या दांड्यावर, पुढच्या चाकाच्या आसपास.

नंबर सापडला की तो वाचायच्या आधी *बघा*. कंपनीचा ठसा एका ओळीत, एका उंचीचा, सारख्या अंतराचा असतो. जुन्या गाड्यांत पंचने ठोकलेला, नव्यांत बारीक टिंबाटिंबांनी कोरलेला. एखादं अक्षर जास्त खोल, एखादं किंचित तिरकं, किंवा ३ आणि ८ यांची ढब बाकीच्यांशी जुळत नाही, असं दिसलं की थांबा. मग आजूबाजूचा पत्रा बघा. ग्राइंडरचे ओरखडे आहेत का, तेवढ्याच चौकोनात रंग जाड आहे का, वेल्डिंगची रेघ आहे का. बोट फिरवलं तर खोलगट लागतं का. टॉर्च समोरून मारू नका, पत्र्याला जवळजवळ टेकवून बाजूने मारा; उथळ अक्षरंसुद्धा सावलीमुळे उठून दिसतात.

गंज चढला असेल तर थोडं रॉकेल आणि नायलॉनचा ब्रश. पॉलिश पेपर अजिबात लावू नका. प्रामाणिक गाडीचा नंबर घासून स्वतःच तो संशयास्पद करून ठेवणारे महाभाग बघितलेत. अक्षर तरी लागत नसेल तर वर पातळ कागद धरून शिसपेन्सिल आडवी घासा.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. पंच ठोकला की दिसणाऱ्या खाचेच्या खालचं धातूही दबलं जातं. वरून घासून गुळगुळीत केलं तरी ते दबलेलं राहतं, आणि त्यावर आम्लाचं मिश्रण लावलं की ते बाकीच्या धातूपेक्षा वेगळ्या वेगाने खाल्लं जाऊन पुसलेला नंबर परत दिसू लागतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळा याच पद्धतीने तो वाचतात. म्हणून मुरलेले चोर घासत बसत नाहीत, दुसऱ्या गाडीचा नंबर असलेला अख्खा तुकडाच कापून जोडतात. ठशाआधी वेल्डिंग शोधायचं ते यासाठी.

कोरी_पाटी
पान्हा_तेरा यांच्याशी पूर्ण सहमत. आता वाचायचं कसं ते मी लिहितो.

सतरा अक्षरांची रचना आयएसओ ३७७९ या मानकात आहे. अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलपासून सतरा अक्षरं सक्तीची झाली. त्याआधी प्रत्येक कंपनीचा आपापला कारभार होता, त्यामुळे साठ-सत्तरच्या दशकातल्या गाडीचा नंबर आखूड दिसला म्हणून लगेच घाबरू नका. सतरा जागांत आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं कधीच येत नाहीत, कारण १ आणि ० शी गल्लत होते. विक्रेत्याने पाठवलेल्या नंबरात ओ असेल तर एक तर त्याने शून्याचा ओ केलाय, नाहीतर नंबरच रचलेला आहे.

पहिली तीन अक्षरं निर्मात्याची. त्यातलं पहिलं प्रदेश सांगतं: १, ४, ५ अमेरिका, २ कॅनडा, जे जपान, एल चीन, डब्ल्यू जर्मनी. भारताच्या वाट्याला एमए, एमबी, एमसी वगैरे जोड्या आहेत. तीन मिळून कंपनी: एमएटी टाटा, एमए३ मारुती, एमडी२ बजाज, एमई३ रॉयल एनफील्ड, डब्ल्यूबीए बीएमडब्ल्यू. इथे एक खोच आहे. हा कोड निर्मात्याला दिलेला असतो. प्रत्येक गाडी त्याच देशात जोडली गेली असं त्यावरून ठरत नाही. तुर्कस्तानात बनलेल्या रेनो क्लिओवरही फ्रान्सचा व्हीएफ१ असतो. तिसरं अक्षर ९ असेल तर निर्माता लहान, आणि त्याची उरलेली ओळख बाराव्या ते चौदाव्या जागेवर.

चार ते नऊ या जागा गाडीच्या वर्णनाच्या: बॉडी, इंजिन, प्रकार. त्यांचा अर्थ ज्याची त्याची कंपनी ठरवते. दहा ते सतरा ही त्या एका गाडीची ओळख, आणि शेवटचे आकडे हा खरा अनुक्रमांक.

मागचं_चाक
वा, वाचनखूण साठवली. म्हणजे दहावं अक्षर साल, बरोबर ना? माझ्यावाल्या गाडीत तिथे के आहे.

उंटावरचा_शहाणा
के म्हणजे २०१९. बघा, साइट बघून सांगितलं, दोन सेकंद लागले.

कोरी_पाटी
के म्हणजे १९८९ सुद्धा. हे चक्र तीस वर्षांचं आहे: ए १९८०, वाय २०००, मग १ ते ९ ही २००१ ते २००९, आणि २०१० ला पुन्हा ए. आय, ओ, क्यू वगळलेलेच असतात, शिवाय सालाच्या जागी यू, झेड आणि ० सुद्धा वापरत नाहीत. त्यामुळे एल २०२०, एम २०२१, एन २०२२, आणि मग थेट पी २०२३. उत्तर अमेरिकेत कार आणि हलक्या वाहनांसाठी यावर तोड काढली आहे: सातव्या जागी अंक असेल तर जुनं चक्र, अक्षर असेल तर नवं. बाकी ठिकाणी गाडी डोळ्यांनी बघितली की तीस वर्षांचा फरक कळतोच म्हणा.

पण त्याहून मोठी भानगड पुढे आहे. दहाव्या जागी साल असलंच पाहिजे ही सक्ती सगळीकडे नाही. युरोपासाठी बनलेल्या मर्सिडीझचं उदाहरण घ्या. तिथे कित्येक वर्षं चार ते नऊ या जागांवर मॉडेलचा सहा अंकी कोड आणि दहाव्या जागी स्टिअरिंगची बाजू यायची, १ डावी, २ उजवी. डिकोडरने ती गाडी बिनदिक्कत २००१ किंवा २००२ ची ठरवली तर दोष कुणाचा? युरोपातल्या फोक्सवॅगनमध्ये मधल्या जागांवर झेड-झेड-झेड दिसतात. तो निव्वळ भरणा आहे, त्यात गुपित काही नाही. आणि खास जपानी बाजारासाठी बनलेल्या गाड्यांना सतरा अक्षरंच नसतात, मॉडेलचा कोड, मधे आडवी रेघ आणि पुढे क्रमांक, एवढंच.

शिवाय जिथे साल असतं तिथेही ते बऱ्याचदा मॉडेल वर्ष असतं. २०२० च्या मॉडेलची गाडी २०१९ मध्येच कारखान्यातून बाहेर पडलेली असू शकते. बनल्याची तारीख, मॉडेल वर्ष आणि नोंदणीची तारीख या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि विकणारा नेहमी तिघांतली सर्वात अलीकडची सांगतो.

उंटावरचा_शहाणा
बरं बुवा, मानलं. पण नववी जागा तपासणी अंकाची असते ना? तो जुळला म्हणजे नंबर अस्सल.

कोरी_पाटी
प्रश्न चांगला आहे. उत्तर नाही असं आहे.

तपासणी अंक उत्तर अमेरिकेत सक्तीचा आहे, चीनमध्येही आहे. इतरत्र ती जागा कंपनी आपल्या मर्जीने वापरते. तेव्हा न जुळल्याने नंबर खोटा ठरत नाही. जुळल्याने खरा ठरत नाही ते असं: प्रत्येक अक्षराला एक किंमत, प्रत्येक जागेला एक भार. भार अनुक्रमे ८, ७, ६, ५, ४, ३, २, १०, ०, ९, ८, ७, ६, ५, ४, ३, २. गुणाकारांची बेरीज करायची, ११ ने भागायचं, बाकी उरेल तो नववा अंक. बाकी १० आली तर एक्स. आता सतराच्या सतरा जागी १ लिहा. बेरीज ८९, अकराने भागून बाकी १, आणि नवव्या जागी १ आहेच. झाला की वैध नंबर! अशी गाडी जगात नाही. लिहिताना एखादा आकडा चुकला तर पकडावा, एवढ्यासाठीच हा अंक ठेवलाय. नकली नंबर रचणाऱ्यालाही बेरीज येतेच.

पान्हा_तेरा
म्हणूनच मी नेहमी म्हणतो, एका ठिकाणचा नंबर म्हणजे नुसता दावा. लोखंडावरचा, कागदावरचा आणि गाडीच्या डोक्यातला, तिन्ही जुळवा. डोक्यातला म्हणजे ईसीयूमधला, इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरमधला. ओबीडी सॉकेटला, म्हणजे तपासणीसाठी गाडीत दिलेल्या जोडणीला, साधा स्कॅनर लावला की सर्व्हिस ०९ खाली व्हीआयएन वाचता येतो. कारमध्ये हे बहुतेक वेळा जमतं, दुचाकीत मॉडेलवर अवलंबून. ईसीयूतला वेगळा निघाला तर दरवेळी चोरीच असं नाही, जुन्या गाडीचा ईसीयू बसवलेला असू शकतो. पण मग ते विकणाऱ्याने स्वतःहून सांगायला हवं होतं.

बाकी साक्षीदारही असतात. सीटबेल्टच्या मुळाशी शिवलेल्या चिठ्ठीवर तारीख असते. सगळ्या काचांवर निर्मात्याची खूण आणि सालाचा आकडा असतो. पाच काचा एका सालच्या आणि एकच वेगळी, तर ती का बदलली ते विचारा. टायरवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार अंक बघा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तीनच अंक असतील तर टायर गेल्या शतकातला.

इंजिन नंबराला मात्र असं कुठलंही जागतिक मानक नाही. तो फक्त कागदाशी जुळवायचा.

बिनतारी
गाडीवाल्यांनी धागा पळवायच्या आत इलेक्ट्रॉनिक्सचं लिहून टाकते.

मागचं_चाक, लॅपटॉपच्या लेबलवर एस/एन लिहिलेला तो सिरीयल नंबर, फक्त तुमच्या नगाचा. पी/एन म्हणजे पार्ट किंवा प्रॉडक्ट नंबर, तो त्या मॉडेलच्या हजारो नगांवर एकच असतो. मॉडेल नंबरही तसाच. उरलेले नियामक संस्थांचे मंजुरी क्रमांक, ते सोडून द्या. डेलमध्ये सिरीयलला सर्व्हिस टॅग म्हणतात, सात अक्षरांचा. त्याच्याशेजारी एक लांबलचक एक्स्प्रेस सर्व्हिस कोड असतो आणि लोकांना वाटतं ही दुसरी काहीतरी भानगड. नाही हो. तो टॅगच आहे, ० ते ९ आणि ए ते झेड अशा ३६ चिन्हांच्या पद्धतीतून आपल्या दशमान पद्धतीत लिहिलेला, म्हणजे फोनच्या बटणांवर दाबता येईल असा. टॅग एबीसी१२३४ असेल तर कोड २२४५३१५६०४८. दोन्ही एकमेकांशी जुळत नसतील तर लेबल बनावट.

लेबलवर थांबू नका. लॅपटॉप चालू करून बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) जा, तिथे मदरबोर्डवर साठवलेला सिरीयल दिसतो. स्टिकर पाच मिनिटांत छापून मिळतं.

मोबाईलला *#०६# डायल करा, आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा क्रमांक, येतो. पंधरा अंक. दोन सिमचा फोन असेल तर दोन. पहिले आठ अंक मॉडेलचे, त्यातले अगदी पहिले दोन हा क्रमांक देणाऱ्या संस्थेचे: ३५ ब्रिटनमधली, ८६ चीनमधली, ०१ अमेरिकेतली, ९१ भारतातली. पुढचे सहा तुमच्या नगाचे. शेवटचा तपासणीचा, आणि तो काढायची पद्धत आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांची. पेटंटचा अर्ज १९५४ चा. बँकेच्या कार्डांवरही हीच पद्धत.

हातानेच करून बघू. पुस्तकी नमुना ४९०१५४२०३२३७५१८. शेवटचा ८ झाका. उरलेल्या चौदांतला दर दुसरा अंक दुप्पट करा: ९ चे १८, १ चे २, ४ चे ८, ० चा ०, २ चे ४, ७ चे १४, १ चे २. दोन अंकी आले त्यांचे अंक मिळवा, १८ चे ९, १४ चे ५. आता हे सगळे आणि न दुप्पट केलेले ४, ०, ५, २, ३, ३, ५ यांची बेरीज ५२. पुढच्या दहाच्या पटीला, ६० ला, ८ कमी. शेवटचा अंक ८, जुळला.

वर गाडीबद्दल जे लिहिलंय ते इथेही लागू. डायल करून दिसणारा, सेटिंग्जमधला, खोक्यावरचा आणि असल्यास सिम ट्रेवरचा, सगळे ताडून बघा. ट्रे बदलता येतो, खोकं तर दुसऱ्याच फोनचं असू शकतं. फोन आणि खोकं जुळत नसेल तर व्यवहार सोडा, किंमत कितीही गोड असो.

जुनं_ते
आयफोनच्या सिरीयलवरून आठवडासुद्धा कळायचा ना पूर्वी?

बिनतारी
हो, २०१० ते २०२१ च्या बारा अक्षरी सिरीयलमध्ये. पहिली तीन कारखान्याची, चौथं अर्ध्या वर्षाचं, पाचवं आठवड्याचं, पुढची तीन नगाची, शेवटची चार मॉडेलची. चौथ्या जागी सी म्हणजे २०१० चा पूर्वार्ध, डी उत्तरार्ध, एफ २०११ चा पूर्वार्ध, असं झेडपर्यंत, म्हणजे २०१९ अखेर; मग पुन्हा सी. २०२१ पासून नव्या मॉडेलांना विस्कळीत, म्हणजे ओळीने न देता कशीही निवडलेली अक्षरं असलेला, सिरीयल देतात, त्यातून काहीच वाचता येत नाही. तरी "डिकोड करून देतो" म्हणणाऱ्या साइट काहीतरी साल सांगतातच!

जुनं_ते
अवांतर : अनुक्रमांक ओळीने दिले की काय होतं याचा भारी किस्सा दुसऱ्या महायुद्धात आहे. जर्मनी महिन्याला किती रणगाडे बनवतोय हे दोस्त राष्ट्रांना कळत नव्हतं. हेरांचा आकडा होता १,५५०, ऑगस्ट १९४२ साठी. संख्याशास्त्रज्ञांनी हाती लागलेल्या रणगाड्यांवरचे, विशेषतः गिअरबॉक्सवरचे क्रमांक घेऊन हिशेब मांडला, तो आला ३२७. युद्धानंतर जर्मन दप्तरं सापडली: ३४२.

सूत्र शाळकरी आहे. दिसलेला सर्वात मोठा क्रमांक घ्या, त्याला पाहिलेल्या नगांच्या संख्येने भागा, तो भागाकार त्याच क्रमांकात मिळवा आणि एक वजा करा. पाच नग बघितले, मोठ्यात मोठा ६०, तर अंदाज ६० + १२ − १ = ७१. आज कंपन्या विस्कळीत सिरीयलकडे वळतायत त्यामागे हेही एक कारण असावं, असं आपलं मला वाटतं.

मागचं_चाक
सर्वांचे आभार. गाडी बघून आलो. मानेवरचा ठसा स्वच्छ, कागदाशी जुळला, इंजिनाचाही जुळला. लॅपटॉपमध्ये गोम आहे. स्टिकरवर एक सिरीयल, आणि बायोसमध्ये सिरीयलच्या जागी "डिफॉल्ट स्ट्रिंग" असं काहीतरी. चोरीचा का?

बिनतारी
तेवढ्यावरून चोरीचा म्हणता येणार नाही. मदरबोर्ड बदलला की नव्या बोर्डात सिरीयल टाकावा लागतो. बाहेरचे दुरुस्तीवाले बरेचदा टाकत नाहीत, मग कारखान्यातला कोरा मजकूर तसाच राहतो. जोडून घेतलेल्या डेस्कटॉपमध्ये तर "टू बी फिल्ड बाय ओईएम" (मशीन बनवणाऱ्या कंपनीने भरायचं) हे सर्रास दिसतं. दुरुस्तीची पावती मागा. असेल तर बोर्ड बदललेल्या मशीनचा भाव ठरवा, मूळ मशीनचा नव्हे. पावती नाही आणि उत्तरही टोलवाटोलवीचं, तर दुसरा बघा. आणि स्टिकरवरचा सिरीयल कंपनीच्या वॉरंटी पानावर टाका. तिथे येणारं मॉडेल, स्क्रीनचा आकार, प्रोसेसर समोरच्या मशीनशी जुळतो का, एवढ्यानेही बरंच कळतं.

आणि एक विनंती. तुम्ही मघाशी लेबलचा फोटो प्रतिसादात चिकटवला होतात तो काढून टाका. दुसऱ्याचा आयएमईआय किंवा सिरीयल वापरून खोटं लेबल बनवायला असाच फोटो लागतो. कॅमेरावाल्यांनी तर जास्त जपावं. बऱ्याच कॅमेऱ्यांचा सिरीयल प्रत्येक फोटोच्या फाइलमध्येच लिहिला जातो. याच माहितीवरून चोरीला गेलेला कॅमेरा शोधताही येतो, तेव्हा स्वतःचे जुने मूळ फोटो जपून ठेवा.

मागचं_चाक
काढला. मॉडरेटरांचेही आभार.

उंटावरचा_शहाणा
फ्रिजचं राहिलं. आमच्या एलजीच्या फ्रिजचा सिरीयल ९०४ ने सुरू होतो. साइटने २००९ सांगितलं, बायको २०१९ म्हणते.

बिनतारी
साइट आणि वहिनी दोघांचंही वाचन नियमाला धरूनच आहे. एलजीत पहिला अंक सालाचा शेवटचा आकडा, पुढचे दोन महिना. म्हणजे एप्रिल नक्की, दशक त्या नंबरात नाहीच. दाराच्या आत किंवा मागच्या पत्र्यावर पूर्ण मॉडेल नंबर असेल, तो शोधा आणि ते मॉडेल बाजारात कधी आलं ते बघा. वॉरंटी कार्ड सापडलं तर प्रश्नच मिटला.

पान्हा_तेरा
मी वहिनींच्या बाजूने.